घरी लघवी तपासायच्या पट्ट्या कितपत भरवशाच्या?

लघवीला जळजळ, सारखी घाई आणि गेल्यावर चारच थेंब. ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून बायका मूत्रमार्गातल्या जंतुसंसर्गाचं हे दुखणं अंगावर काढतात. पट्टीवर लगेच रंग उमटला की किमान डॉक्टरांकडे जायचं टळत नाही. म्हणून ही वस्तू घरात असावी, पण तिची मर्यादा ओळखून.

पट्टीवरचे कामाचे रंगणारे चौकोन दोनच, संसर्गात लघवीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आणि नायट्राइटचा. दहा चौकोनांची पट्टी घेऊ नका, नको त्या रंगांनी गोंधळ वाढतो. ई. कोलायसारखे जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, पण त्यासाठी लघवी मूत्राशयात सुमारे 4 तास साठावी लागते. त्रास ऐन भरात असताना दर अर्ध्या तासाला जावं लागतं, मग संसर्ग असूनही चौकोन कोराच राहतो. एन्टेरोकोकससारखे जंतू तर नायट्राइट बनवतच नाहीत. नायट्राइट उमटलं आणि लक्षणंही असली तर संसर्ग जवळपास नक्की. नाही उमटलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

तपासणी सकाळच्या पहिल्या लघवीची करा. सुरुवातीची धार सोडून मधली कोरड्या, स्वच्छ भांड्यात घ्या. अंगावरून पांढरं जात असेल आणि ते मिसळलं, तर पांढऱ्या पेशींचा चौकोन खोटा रंगतो. पट्टी क्षणभर बुडवा, कड भांड्याला टेकवून थेंब निथळवा आणि आडवी धरा, नाहीतर एका चौकोनाचा रंग दुसऱ्यात उतरतो. बहुतेक पट्ट्यांत नायट्राइट 60 सेकंदांनी आणि पांढऱ्या पेशी 2 मिनिटांनी बघायच्या असतात. त्यानंतर चढलेला रंग धरायचा नाही. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसाने दोन्ही चौकोन फिके पडू शकतात.

बाटलीपेक्षा एकेक पट्टी बंद पाकिटात असलेला संच चांगला. उघडी राहिलेली पट्टी हवेनेच गुलाबी पडते. न्हाणीघरात तर ठेवूच नका.

औषध मात्र पट्टी बघून स्वतः सुरू करू नये. साध्या संसर्गाला डॉक्टर बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन 5 दिवस किंवा फॉस्फोमायसिन 3 ग्रॅम एकदाच देतात. त्रास वरचेवर उलटत असेल तर पहिल्या गोळीआधी कल्चरला (लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) नमुना द्या, गोळीनंतर जंतू सापडणं अवघड होतं. गरोदरपणात लक्षणं नसली तरी कल्चर हवंच. थंडी-ताप, कुशीत दुखणं, उलट्या यांपैकी काही असेल तर पट्टी काय दाखवते ते बघत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.