रतनमहालच्या जंगलात अस्वलापासून बचाव: बंदूक, मिरचीचा फवारा की घुंगरांची काठी?

बडोद्याहून हालोल, देवगढ बारियामार्गे कंजेट्याला पोहोचून रतनमहाल अभयारण्यात पायी हिंडू इच्छिणाऱ्यांनी सोबत काय घ्यावे, हे ठरवण्यापूर्वी तिथल्या अस्वलाची चाल समजून घ्यायला हवी. दाहोद जिल्ह्यातील या अभयारण्यातले अस्वल माणसावर धावून येते ते बहुधा दचकल्यामुळे. वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढताना त्याचा आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो आणि त्या गडबडीत त्याला आपली पावले ऐकू येत नाहीत; नजरही अधू असल्याने गाठ पडते ती अनेकदा दहा-पंधरा पावलांवर. प्रत्येक साधन या अंतरावर किती उपयोगी पडते, हीच माझ्या मते खरी कसोटी आहे.

बंदुकीचा विचार पर्यटकाने सोडून द्यावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव संरक्षकांच्या लेखी परवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही आणि अस्वल पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे. स्वतःचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर कायदा त्यास गुन्हा मानत नाही हे खरे, पण दोन-तीन सेकंदांत धावत्या अस्वलावर नेम धरणे सरावलेल्या माणसालाही अवघड जाते. अलास्कातील अस्वलांच्या २६९ घटनांच्या २०१२ च्या अभ्यासात लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के, तर पिस्तुले ८४ टक्के प्रसंगी उपयोगी पडल्याचे आढळले.

त्याच अलास्कातील २००८ च्या अभ्यासात अस्वलासाठी बनवलेल्या मिरचीच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलाला ९२ टक्के प्रसंगी रोखले होते. हा आकडा मोहात पाडतो खरा, पण तो डबा मोठा असतो, त्याचा झोत सात ते नऊ मीटर जातो आणि तो कमरेला हाताशी असावा लागतो. आपल्याकडे दुकानात मिळणारी मुठीत मावणारी बाटली माणसासाठी केलेली असते, तिचा झोत जेमतेम दोन-तीन मीटर जातो आणि वारा उलटा असला तर तिखट आपल्याच डोळ्यांत येते. शिवाय अभयारण्यात वन्यजीवांना इजा होईल अशी रसायने वा स्फोटके वापरण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून फवारा नेण्यापूर्वी वनखात्याला विचारावे आणि फटाके तर घरीच ठेवावेत.

राहिली काठी, आणि माझा कौल तिलाच आहे. कंजेट्याच्या वाटेवर आमच्या वाटाड्याने एका ताज्या उकरलेल्या वारुळापाशी हात वर करून सर्वांना थांबवले. लाल माती अजून ओली होती आणि शेजारच्या विष्ठेत बोराच्या बिया स्पष्ट दिसत होत्या. एक शब्दही न बोलता त्याने घुंगरे बांधलेली काठी खडकावर तीनदा आपटली, मिनिटभर कान दिला आणि मगच पुढचे पाऊल टाकले. गुजरातेत हिला घंटीकाठी म्हणतात. हिने अस्वल मारले जात नाही, आपण येत आहोत हे त्याला आधीच कळते, आणि दचकण्याचे कारणच उरत नाही. मोहाची फुले वेचायला पहाटे जाणाऱ्या गावकऱ्यांना हा धोका अधिक असतो, कारण ती वेळ अस्वलाच्याही फिरण्याची असते. पाहुण्याने मात्र पहाट आणि तिन्हीसांजा टाळून, तीन-चार जणांच्या गटात, मोठ्याने बोलत चालावे. कुत्रा अजिबात नेऊ नये, कारण तो अस्वलाला डिवचतो आणि मग धावत मालकाकडेच परततो.

काठी वाजवूनही अस्वल अंगावर आले, तर पळू नये, कारण ते आपल्यापेक्षा वेगाने धावते. त्याचा रोख बहुधा डोके व चेहऱ्याकडे असतो, म्हणून पालथे पडून, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफून, पाठीवरची पिशवी तशीच ठेवावी आणि ते दूर गेल्याची खात्री होईपर्यंत हलू नये.