‘द मेकिंग ऑफ द डार्क साइड ऑफ द मून’ : ब्लेड, मोजपट्टी आणि चार वेगवेगळ्या खुर्च्या

टेप कापायची ती तिरकी. सरळ कापली तर जोडाच्या जागी ‘टक्’ वाजतं आणि ऐकणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी उडवलंय. तिरक्या कापात एक आवाज मावळत असतानाच दुसरा उगवतो, त्यामुळे जोड झाकला जातो. नोकरीची पहिली सहा वर्षं मी हेच केलं. पिवळ्या पेन्सिलीची खूण, खाचेत टेप, ब्लेड, चिकटपट्टी, वरून नखाने दाबायचं. एकदा एका गायिकेच्या दोन ओळींमधला श्वास मला खरखरीत वाटला, म्हणून मी तो कापून टाकला. दुसऱ्या दिवशी बाईंनी ऐकलं आणि शांतपणे विचारलं, “मी काय मेले का मधेच?” कचऱ्याच्या डब्यातून चार बोटं लांबीचा तो तुकडा शोधून परत चिकटवला. तेव्हापासून कुठलंही गाणं ऐकताना माझं अर्धं लक्ष जोडांकडे असतं.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमवरची ही फिल्म माझ्यासारख्यांसाठीच केली आहे की काय, असं पहिल्या दहा मिनिटांत वाटलं. २००३ची आहे, ‘क्लासिक अल्बम्स’ मालिकेतली, दिग्दर्शक मॅथ्यू लाँगफेलो. मुख्य फिल्म पन्नासेक मिनिटांची आणि डीव्हीडीवर त्याखेरीज अर्ध्या तासाहून जास्त ऐवज. टीव्हीवर दाखवतात ती छोटी आवृत्ती मी आधी पाहिली होती आणि ‘बरी आहे’ म्हणून सोडून दिली होती. ती चूक करू नका, जादा भागासकट पाहा. का ते पुढे सांगते.

रचना साधी आहे. अल्बम सुरू होतो तिथून शेवटपर्यंत एकेक गाणं घ्यायचं, ज्यांनी केलं त्यांना बोलतं करायचं आणि मधूनमधून अ‍ॅलन पार्सन्सला मिक्सिंग डेस्कवर बसवायचं. १९७२-७३मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत हे रेकॉर्डिंग झालं तेव्हा पार्सन्स तिथला तरुण इंजिनियर होता. आता तो मूळ मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळा ठेवलेलं रेकॉर्डिंग, समोर घेऊन एकेक फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर-खाली करतो. ड्रम्स बंद, बास बंद, उरला फक्त गळा. मग गळा खाली, ऑर्गन वर. फिल्मचा जीव या डेस्कवर आहे. पन्नास वेळा ऐकलेल्या गाण्याच्या पोटातून एक गिटार बाहेर येते आणि तुम्ही म्हणता, ही इथे होती? इतकी वर्षं?

‘मनी’चा भाग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. गाण्याच्या सुरुवातीला नाण्यांचा खळखळाट, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याची घंटा हे सगळं तालात येतं, ते सर्वांना माहीत आहे. आज हे काम संगणकावर पाच मिनिटांचं. तेव्हा बँडचा बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्सने बायकोच्या मातीकामाच्या शेडमधल्या भल्यामोठ्या वाडग्यात नाणी टाकून तो आवाज टिपला. मग एकेक आवाज म्हणजे टेपचा एकेक तुकडा, सगळे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे, एकापुढे एक जोडलेले आणि टोकाला टोक चिकटवून केलेलं कडं. सेकंदाला पंधरा इंच धावणाऱ्या टेपवर अर्ध्या सेकंदाची मात्रा साडेसात इंचांची होते. म्हणजे लय अक्षरशः फूटपट्टीवर मोजायची. अशी कडी मी केली आहेत. ती यंत्रावर मावत नाहीत, माईकच्या स्टँडभोवती वळसा घालून फिरवावी लागतात आणि एक माणूस ताण धरून उभा राहतो. त्या माणसाला शिंक आली की लय गेली.

आणि मात्रा किती? सात. आपल्याकडच्या कानाला लगेच रूपक आठवतो. फरक एवढाच की रूपकाची समच ‘खाली’वर असते, तिथे ठेका जरा उचलून धरल्यासारखा वाटतो. इथे पहिल्या मात्रेवर बास धपकन बसतो. फिल्ममध्ये वॉटर्सने सुरुवातीला एकट्याने केलेला कच्चा नमुना ऐकवलाय. तो इतका हडकुळा आणि थोडा गमतीशीर आहे की पुढे हेच गाणं अमेरिकेत गाजेल असं कुणी सांगितलं असतं तर मी तरी हसले असते. डेव्हिड गिल्मूरच्या गिटारचा सोलो आला की ताल सातातून सुटून चारात येतो. रूपक सोडून केरवा धरल्यावर तबलजीचे खांदे जसे सैल होतात, तसंच ते ऐकू येतं. ही चाल मी आयुष्यभर ऐकली होती, पण मोजली नव्हती.

रिचर्ड राइटबद्दल मात्र मला वेगळं बोलायचंय. या बँडवर बोलणं निघालं की लोक वॉटर्स आणि गिल्मूरवर भांडतात, राइट मागे की-बोर्डवर बसलेला राहतो. या फिल्ममध्ये तो पियानोपाशी बसून ‘ब्रीद’मधल्या एका कॉर्डवर बोट ठेवतो आणि सांगतो की ही मला माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये सापडली. १९५९चा जाझचा तो अल्बम. कडवं संपून परत घरी येताना जो एक आंबटगोड सूर मधे लागतो, तो हा. राइट तो वाजवतो, परत वाजवतो, आणि तेवढ्यात कळतं की या अल्बमचा थंडावा कुठून आलाय. त्याला बढाई मारता येत नाही. ज्या सुरात एखादा आजोबा कपाट उघडून जुनी पावती दाखवेल, त्या सुरात तो हे सांगतो.

‘अस अँड देम’ची चालही त्याचीच. ती आधी मिकेलांजेलो अंतोनिओनीच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’ या १९७०च्या चित्रपटासाठी केली होती आणि अंतोनिओनीने ती परत केली. रस्त्यावरच्या हाणामारीच्या दृश्यावर हा संथ पियानो असता तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करते. नाकारलेली चाल दोन वर्षं फडताळात पडून राहिली आणि मग तिला शब्द मिळाले.

क्लेअर टॉरीची गोष्ट फिल्ममध्ये येणारच होती. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये शब्द नाहीत, नुसता गळा आहे. रविवारी बोलावलेली स्टुडिओतली गायिका, मानधन ३० पौंड. सुरुवातीला ती सवयीने ‘बेबी, बेबी’ करत गायला लागली, तर हे म्हणाले, शब्द नकोत. मग तिने ठरवलं की आपण गायिका नाही, एक वाद्य आहोत असं धरून गायचं. आलाप ऐकत वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही, पण लंडनच्या एका पॉप गायिकेने एका संध्याकाळी, काही तयारी नसताना हे केलं. डेस्कवर मागची वाद्यं खाली घेतली की त्या गळ्याच्या कडा ऐकू येतात, कुठे चिरतो, कुठे ती सावरते. हे कुणी कापून गुळगुळीत केलं नाही, देव त्यांचं भलं करो.

फिल्म २००३ची, त्यामुळे पुढचं तिच्यात नाही: २००४मध्ये टॉरी कोर्टात गेली आणि २००५मध्ये तडजोड होऊन त्या रचनेवर राइटसोबत तिचं नाव लागलं. बत्तीस वर्षं. फिल्म पाहताना हे माहीत असलेलं बरं, म्हणजे ‘आम्ही तिला बोलावलं आणि तिने कमाल केली’ या सुरातली पोकळी ऐकू येते.

गाण्यांच्या मधे कुजबुजणारी माणसं कोण, हेही इथे कळतं. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहिले आणि स्टुडिओत सापडेल त्याला माईकसमोर बसवलं: शेवटचं भांडण कधी झालं, मरणाची भीती वाटते का, असले. पॉल मॅकार्टनीचंही बोलणं रेकॉर्ड झालं होतं, पण ते वापरलं नाही. तो जपून, हुशारीने बोलत होता. वापरलं कुणाचं, तर स्टुडिओच्या दारवानाचं. अल्बम संपताना चंद्राला अंधारी बाजू अशी नसतेच, खरं तर सगळाच अंधार आहे, असं जो म्हणतो तो जेरी ओड्रिस्कॉल, अ‍ॅबी रोडचा आयरिश दारवान. गाजलेल्या माणसाचं वाक्य काढून दारवानाचं ठेवायचं, याला कान लागतो.

आता तक्रारी. मधेमधे समीक्षक मंडळी येतात आणि हा अल्बम किती महान आहे ते सांगतात. मान्य, म्हणून तर आम्ही बसलोय. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९८८पर्यंत एकूण ७४१ आठवडे राहिलेल्या गोष्टीची शिफारस करायला साक्षीदार लागत नाहीत. त्यांच्या प्रत्येक मिनिटाला मला डेस्कवरचं एक मिनिट गेल्यासारखं वाटलं.

दुसरी तक्रार जास्त खरी आहे. हा अल्बम स्टुडिओत जाण्याआधी रंगमंचावर घडला. २० जानेवारी १९७२ला ब्रायटनमध्ये त्यांनी तो पहिल्यांदा लोकांपुढे वाजवला आणि ‘मनी’पर्यंत पोचता पोचता यंत्रांनी दगा दिल्यामुळे थांबावं लागलं. रेकॉर्ड बाजारात आली मार्च १९७३मध्ये. मधलं वर्षभर ही गाणी प्रयोगागणिक बदलत होती. ‘ऑन द रन’ आधी गिटारवरचा एक साधा जॅम होता. त्याजागी ‘सिंथी’ या सिंथेसायझरवर आठ सुरांची ओळ भरून, ती भन्नाट वेगाने पळवून आजचा तुकडा आला. आपल्याकडच्या नाटकवाल्यांना हे नीट समजेल, पंचविसाव्या प्रयोगाला नाटक बसतं ते असं. या वर्षासाठी फिल्मने आणखी वेळ द्यायला हवा होता.

भास्कर मेनन हे नाव पडद्यावर आलं तेव्हा मात्र मी सावरून बसले. त्रिवेंद्रमला जन्मलेला हा माणूस तेव्हा अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचा प्रमुख होता. बँड कॅपिटलवर नाराज, दुसऱ्या कंपनीकडे निघालेला, तरी यांनी या एका रेकॉर्डच्या मागे सगळी ताकद लावली. बोलतात अगदी तोलून, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. रेकॉर्ड विकली जाते ती कुणीतरी विकल्यामुळे, ही बाजू संगीतावरच्या फिल्म सहसा झाकून ठेवतात.

मुखपृष्ठाचा भाग थोडक्यात उरकलाय आणि तेवढा पुरे. ते करणारा स्टॉर्म थॉर्गर्सन मजेत बोलतो. बँडने नमुने पाहिले, काही मिनिटांत लोलकावर बोट ठेवलं, विषय संपला. (त्या लोलकातून सहाच रंग निघतात. पारवा गाळलाय. एकदा मोजल्यावर ते न दिसणं अशक्य.)

चौघे एका चौकटीत कुठेच नाहीत. वॉटर्स एका खुर्चीत, गिल्मूर दुसऱ्या, राइट आणि ड्रमर निक मेसन आपापल्या जागी. वॉटर्स १९८५मध्येच बाहेर पडला होता आणि चौघे पुन्हा एकत्र वाजवणार होते ते फिल्मनंतर दोन वर्षांनी, जुलै २००५मध्ये, ‘लाइव्ह एट’ या मैफलीच्या मंचावर. गंमत म्हणजे भांडण इथे कुणी उकरत नाही, तरी ते दिसतं. अल्बमचं शेवटचं मिक्सिंग चालू असताना वॉटर्सला सगळं कोरडं हवं होतं, बोलणी स्पष्ट ऐकू येणारी. गिल्मूर आणि राइटला घुमणारं, ओलं हवं होतं. म्हणून ख्रिस थॉमस या संगीत निर्मात्याला बाहेरून बोलावलं. कामाच्या निमित्ताने असे बाहेरचे कान मीही झाले आहे. दोन्ही बाजू तुमच्याकडे पाहून मान हलवतात आणि तुम्ही निघून गेल्यावर दोघंही म्हणतात, आपलंच ऐकलं.

जादा भाग पाहा म्हणाले ते वादनासाठी. मुख्य फिल्ममध्ये वादन कापून कापून येतं, नुकतं कुठे रंगतंय तोवर कुणीतरी बोलायला लागतं. जादा भागात वॉटर्स अकूस्टिक गिटारवर ‘ब्रेन डॅमेज’ म्हणतो. मनाने ढासळून बँडबाहेर गेलेला सुरुवातीचा गायक सिड बॅरेट, त्याची सावली त्या गाण्यावर आहे, आणि गिटारशिवाय दुसरं काही नसल्यावर ती आणखी लांब पडते. गिल्मूरच्या वाजवण्यातल्या मींडा ऐका, सूर कुठे संपतो ते सांगता येत नाही. आणि राइट पियानोवर. तो २००८मध्ये गेला, त्यामुळे हे शूटिंग आता जास्तच जपून ठेवावंसं वाटतं. ‘अस अँड देम’ वाजवताना तो दोन कॉर्डच्या मधे किंचित थांबतो. अर्धी मात्राही नसेल. मला तिथे जोड आहे की काय वाटलं, म्हणून हेडफोन लावून परत ऐकलं. जोड नव्हता, श्वास होता.