लीडर की इन्स्ट्रक्टर? कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) शिकवू पाहणाऱ्या भाचीसाठी

भाची ब्रिटनमध्ये असते. पॅडल यूके (२०२४ पर्यंत ब्रिटिश कनूइंग) या वल्हवण्याच्या खेळांच्या संस्थेचा आधी कोणता कोर्स करावा, लीडरचा की इन्स्ट्रक्टरचा, यावर ती अडली आहे.

काम: लीडर शांत पाण्यावर गटाला फिरवून सुखरूप परत आणतो. इन्स्ट्रक्टर नवख्यांना शिकवतो, पण क्लबच्या किंवा केंद्राच्या सुरक्षा-व्यवस्थेत राहून. कयाकची कड घट्ट धरल्याने पांढरी पडलेली मुलाची बोटं पाहून त्याला आधी काठाशी थांबवायचं, हे इथे शिकायला मिळतं.

मेहनत: लीडरसाठी एक दिवसाची परीक्षा, प्रशिक्षण ऐच्छिक. म्हणजे वल्हवण्यात हात आधीच बसलेला हवा. इन्स्ट्रक्टरचं प्रशिक्षण दोन दिवसांचं.

मुलांची सुरक्षितता: यात लीडर-इन्स्ट्रक्टर भेद नाही. इंग्लंडमध्ये देखरेखीशिवाय, दर आठवड्याला मुलांना शिकवायचं तर एन्हान्स्ड डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची सखोल सरकारी पडताळणी) लागते. स्वयंसेवकांना तिची सरकारी फी नाही. स्कॉटलंडमध्ये तिच्या जागी पीव्हीजी ही तिथली योजना. शिवाय २०२२ पासून इंग्लंड-वेल्समध्ये क्रीडा प्रशिक्षकही ‘विश्वासाच्या पदा’च्या कायद्यात येतात: हाताखालच्या १६-१७ वर्षांच्या मुलांशी लैंगिक संबंध हा गुन्हा. मुलांच्या सुरक्षिततेचे हे नियम मला सर्टिफिकेटाहून मोलाचे वाटतात.

मित्रमंडळींना नदीवर न्यायचं असेल तर लीडर. क्लबात मुलांना शिकवायचं असेल, आणि भाचीला तेच करायचंय, तर आधी इन्स्ट्रक्टर.