कार्ड पेमेंटचा एपीआय आणि त्यामागची मदत: पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावरील वापरानंतरचा अनुभव

आमच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तके आणि दिवाळी अंक विकले जातात, तसेच काही मासिकांची वार्षिक वर्गणीही स्वीकारली जाते. गेल्या दिवाळीच्या हंगामाआधी आम्ही एका भारतीय पेमेंट अ‍ॅग्रिगेटरचा, म्हणजे ग्राहकांचे पैसे गोळा करून विक्रेत्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या कंपनीचा, कार्ड एपीआय (आपला प्रोग्राम तिच्या यंत्रणेशी जोडण्याची सोय) जोडला आणि तेव्हापासून तो रोज वापरात आहे. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक बाबी कोणत्याही अशा कंपनीला करारापूर्वी विचारून घ्याव्यात अशाच आहेत. आमच्या छोट्या मागण्यांचे पैसे बहुधा यूपीआयने येतात. मोठे संच, वर्गणी आणि परदेशातील वाचक यांच्यासाठी मात्र कार्डाला पर्याय नाही.

जोडणीचे पहिले काम सोपे गेले. ग्राहक कार्डाचा क्रमांक सेवेच्याच पानावर भरतो, तो आमच्या सर्व्हरला शिवतही नाही, त्यामुळे पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाच्या अनुपालनाचा भार बराच हलका होतो. रक्कम पैशांत पाठवायची असते, म्हणजे ५०० रुपयांसाठी ५००००, आणि दशांशाचे घोळ तिथेच टळतात. प्रोग्रामपेक्षा केवायसीलाच अधिक वेळ लागला. रद्द केलेला धनादेश आणि पॅन यांच्याबरोबरच परताव्याचे धोरण सांगणारे स्वतंत्र पान संकेतस्थळावर असल्याशिवाय खाते लाइव्ह होत नाही.

खरी कसोटी वेबहुकच्या, म्हणजे आपोआप येणाऱ्या सूचनांच्या, वेळी लागली. प्रत्येक व्यवहाराची सूचना सेवेकडून आमच्या सर्व्हरवर येते आणि ती खरी आहे हे पडताळण्यासाठी तिच्यासोबत एचमॅक पद्धतीची सही, म्हणजे दोन्ही बाजूंना ठाऊक असलेली गुप्त किल्ली वापरून काढलेला पडताळणीचा संकेत, येते. ही सही मजकुराच्या मूळ बाइट्सवरून काढलेली असते. अनेक वेब फ्रेमवर्क (संकेतस्थळ बांधण्याचे तयार साचे) जेसन, म्हणजे सूचनेचा ठरावीक मांडणीतला मजकूर, आधीच उलगडून हाती देतात. तो पुन्हा मजकुरात बदलून सही तपासली, तर रोमन अक्षरांतील चाचणीत ती जुळूनही जाते, पण ग्राहकाचे नाव किंवा पुस्तकाचे शीर्षक देवनागरीत असले की काही लायब्ररी प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक लिहितात, बाइट्स बदलतात आणि खरी सूचनाही बनावट ठरते. मार्गदर्शिकेत याविषयी केवळ एक वाक्य आहे आणि उदाहरणांतील सगळी नावे रोमन लिपीत आहेत. भारतीय दुकानदारांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत भारतीय लिपीतील एकही उदाहरण असू नये, हे मला पटत नाही. याशिवाय एकच सूचना दोनदा येऊ शकते, किंवा नंतरची आधी येऊ शकते. म्हणून प्रत्येक सूचनेचा क्रमांक नोंदवून ठेवणे आणि तो पुन्हा आल्यास दुर्लक्ष करणे, एवढी व्यवस्था आपल्या बाजूला असावीच लागते.

सर्वाधिक पत्रव्यवहार झाला तो उशिरा मंजूर होणाऱ्या व्यवहारांवरून. ग्राहक ओटीपी टाकतो, बँकेचे उत्तर वेळेत येत नाही, आमच्या पानावर व्यवहार अयशस्वी दिसतो, तो दुसऱ्यांदा पैसे भरतो आणि थोड्या वेळाने पहिलाही व्यवहार मंजूर होतो. अशा वेळी मंजुरी (बँकेने व्यवहाराला दिलेला होकार) आणि वसुली (ती रक्कम प्रत्यक्ष आपल्याकडे घेणे) हे दोन वेगळे टप्पे आहेत, हे लक्षात घ्यावे लागते. मंजुरी मिळताच आपोआप वसुली होणारी सोय आम्ही बंद केली. मागणी अजून उघडी असेल तरच सर्व्हर वसुलीचा आदेश देतो, अन्यथा ठरलेल्या मुदतीनंतर रक्कम परत जाते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार खात्यातून पैसे गेले पण विक्रेत्याच्या यंत्रणेला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत जमा झाली पाहिजे आणि पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे. ग्राहकाला हे ठाऊक नसते. तो फोन आम्हालाच करतो, आणि ते स्वाभाविकही आहे.

मदतकक्षाविषयी माझे मत संमिश्र आहे. पहिले उत्तर यंत्राचे असते आणि ते बहुधा निरुपयोगी असते. तिकिटात व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि आमच्या सर्व्हरवरील नोंद जोडली, तर तांत्रिक विभागातील माणूस त्याच दिवशी मुद्द्याचे उत्तर देतो. केवळ ‘पैसे अडकले आहेत’ असे लिहिले, तर मार्गदर्शिकेचे दुवेच परत येतात. परताव्याच्या तक्रारीत त्यांच्याकडून एआरएन हा २३ अंकी क्रमांक मागून घ्यावा. तो ग्राहकाला दिला की त्याच्या बँकेला परतावा शोधता येतो आणि वाद तिथेच थांबतो. दिवाळीच्या आठवड्यात मात्र मदतकक्ष अक्षरशः मूक झाला होता, नेमका आमचा धंदा भरात असताना.

शुल्काचा हिशेब पुस्तकविक्रेत्यांनी विशेष बारकाईने पाहावा. ३,००० रुपयांच्या संचावर दोन टक्के शुल्क ६० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १० रुपये ८० पैसे, म्हणजे हाती २,९२९ रुपये २० पैसे येतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे या १० रुपये ८० पैशांचे इनपुट क्रेडिटही (भरलेल्या जीएसटीची वजावट) आम्हाला मिळत नाही. तो निव्वळ खर्च आहे. २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारांवर अ‍ॅग्रिगेटरना सूट लागू असल्याचे जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले, पण ती पैसे पोहोचवण्याच्या सेवेपुरती आहे, पैसे न हाताळणाऱ्या तांत्रिक गेटवे सेवेला ती लागू नाही. आमच्या बिलात ही विभागणी कशी केली जाते, याचे लेखी उत्तर मिळवण्यासाठी मदतकक्ष ओलांडून खातेप्रमुखापर्यंत जावे लागले. उत्तर मिळाल्यानंतरची बिले स्वच्छ आहेत आणि आमच्या हिशेबनिसांचा रोजमेळ आता अडत नाही.

वर्गणीच्या आपोआप नूतनीकरणाची सोय चांगली चालते. पहिल्या नोंदणीला ओटीपी लागतो, पुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीला लागत नाही, आणि वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. अडचण वर्षभराच्या अंतराची आहे, कारण तोपर्यंत काहींचे कार्ड बदललेले असते. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाच्या जागी वापरायचा पर्यायी संकेतांक, असते, आणि ते टोकन संबंधित कार्ड, टोकन मागणारी संस्था आणि विक्रेता एवढ्यांपुरतेच बांधलेले असते. दुसऱ्या सेवेने कमी शुल्काचा प्रस्ताव पाठवला तेव्हा हे प्रकर्षाने जाणवले: तिकडे जायचे, तर प्रत्येक वर्गणीदाराला पुन्हा ओटीपी देऊन नोंदणी करायला सांगावे लागेल, आणि त्यांतील ज्येष्ठ वाचक ते करतील याची मला खात्री नाही. म्हणून सध्या सुट्या विक्रीसाठी दुसरी सेवा जोडून पाहण्याचे ठरवले आहे. वर्गण्या जिथे आहेत तिथेच राहतील.