सात-आठ जणांच्या टेबलावर डीएम स्क्रीन: खरं काम वरच्या कडेचं

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या भूमिका-खेळात डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) आपल्या नोंदी झाकायला समोर स्क्रीन उभी करतो. विझर्ड्स ऑफ द कोस्टची 'डंजन मास्टर्स स्क्रीन रीइनकार्नेटेड' 2017ची. जाड पुठ्ठ्याचे चार आडवे भाग, उंची साधारण साडेआठ इंच. चौघांच्या टेबलावर ती नुसता आडोसा असते. सात-आठ जण जमले की मात्र तिच्याकडून बरंच काम काढून घेता येतं, आणि ते बहुतेक वरच्या कडेवर.

आधी उंची. उभ्या पानांच्या स्क्रीनमागे डीएमचं अर्धं तोंड झाकलं जातं. हिच्यावरून टेबलाच्या टोकाला बसलेल्याचे डोळे दिसतात, आणि मोबाइलमध्ये घातलेलं डोकंही.

मोठ्या गटात लक्ष उडतं ते वाट पाहून. सात जण, प्रत्येकी दोन मिनिटं, राक्षसांची मिळून चार. म्हणजे एकदा टर्न संपली की पुढची 16 मिनिटांनी. तेवढ्यात कुणीही स्कोअर बघणारच. म्हणून 3 बाय 5 इंची इंडेक्स कार्डं दुमडून इनिशिएटिव्हच्या (लढाईत कुणाची टर्न कधी, हे ठरवणाऱ्या आकड्याच्या) क्रमाने कडेवर अडकवा. मधोमध एकच घडी घातली तर कार्ड उसळून पडतं. पुठ्ठ्याच्या जाडीइतकं अंतर सोडून दोन घड्या घाला. सांध्यांवर कार्ड ठेवू नका. डोक्यावर पंखा असेल तर कपड्यांचे लाकडी चिमटे लागतातच. सगळ्यात मोठा आकडा डीएमच्या उजव्या हाताला, कारण समोरच्यांना तोच डावीकडून पहिला दिसतो. हे उलटं झालं की पहिल्याच राउंडला गोंधळ.

खेळाडूंच्या बाजूला फक्त कॅरेक्टरचं (खेळाडू वठवतो त्या पात्राचं) नाव, जाड मार्करने. खेळाडूचं नाव नको. डीएमच्या बाजूला आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) आणि पॅसिव्ह पर्सेप्शन (न शोधता किती लक्षात येतं, त्याचा आकडा). हाक कार्डावरच्याच नावाने मारायची. "तुझा बार्बेरियन काय करतो?" असं विचारलं की उत्तर "तो मारतो" असंच येतं. "भैरव, दार मोडलंय, समोर तिघं उभे आहेत" म्हटलं की उत्तर 'मी'पासून सुरू होतं. लाल चिमटा चालू टर्नवर, पिवळा पुढच्या कार्डावर. स्पेल (मंत्र) शोधायचा तो पिवळा आल्यावर; लाल आल्यावर पुस्तक उघडलं तर 30 सेकंदांनी डॉज (त्या टर्नला फक्त वार चुकवणं) धरून पुढे चला. पहिल्या दिवशी कुरकुर होते, होऊ द्या.

लढाई नसताना कार्डं निरुपयोगी. तेव्हा याच खेळाच्या 1981च्या बेसिक नियमांतला 'कॉलर' बरा: गटाने आपसात ठरवायचं आणि एकानेच डीएमला सांगायचं. संवाद सुरू झाला की मात्र कॉलरला गप्प बसवा, नाहीतर बाकीचे सहा प्रेक्षक होतात.

स्क्रीनच्या आतल्या तक्त्यांपैकी कंडिशन्स (आंधळं होणं, आडवं पडणं अशा अवस्था) आणि डीसीचा (काम जमायला गाठावा लागणारा आकडा: सोपं 10, मध्यम 15, अवघड 20) खरा उपयोग. पण स्क्रीन 2014च्या नियमांवर बेतलेली आहे. 2024च्या नियमांनी खेळत असाल तर एग्झॉस्चनवर (थकव्याच्या पातळ्यांवर) चिठ्ठी चिकटवा: दर पातळीला डी20च्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) टेस्टमधून 2 वजा.

खोट एकच, पण मोठी: पूर्ण उघडली तर स्क्रीन जवळजवळ 44 इंच जागा खाते, आणि गर्दीच्या टेबलावर तेवढी नसते. दोन्ही टोकांचे भाग काटकोनात आत वळवा. तरी डीएमच्या शेजारच्या दोघांना राक्षसांचे हिट पॉइंट्स (किती मार सोसता येईल तो आकडा) दिसतातच. त्या खुर्च्यांवर डोकावायची सवय नसलेलेच बसवा.