घरच्या वायफायवर पाय-होल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मांडणी आधी सांगतो. सांगलीत विश्रामबागेतलं दुमजली घर, खाली मालक, वर कॉलेजची भाडेकरू पोरं, आणि सगळ्यांत मिळून एकच फायबर कनेक्शन. त्यावर रास्पबेरी पाय ३ बी प्लस (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’), ३२ जीबीचं मेमरी कार्ड आणि त्यात अख्ख्या घराच्या जाहिराती अडवणारा प्रोग्रॅम, म्हणजे पाय-होलची सहावी आवृत्ती. पायला वायफाय असलं तरी तो केबलनेच राउटरला जोडा. वीज साधारण ३ वॅट, म्हणजे महिन्याला दोन-सव्वादोन युनिट.

पाय-होल करतो ते काम साधं आहे. फोन एखाद्या साइटचा पत्ता विचारतो, तेव्हा जाहिरातींच्या आणि पाळत ठेवणाऱ्या नावांना पाय-होल खरा पत्ताच देत नाही. पेपरांच्या साइट मोकळ्या दिसायला लागतात. यूट्यूबच्या जाहिराती मात्र जात नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. या आशेने घेणार असाल तर घेऊ नका.

बसवायला अर्धा तास लागतो. डोकं खातो तो राउटर. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये बऱ्याचदा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, बदलायची सोयच बंद केलेली असते. मग राउटरचं डीएचसीपी (घरातल्या प्रत्येक फोनला आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता, वाटायचं आणि डीएनएस कोणता ते सांगायचं काम) बंद करून ते काम पाय-होलकडे द्यावं लागतं. दुसऱ्या डीएनएसच्या रकान्यात ‘असू दे राखीव’ म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकू नका. फोन त्याला राखीव मानत नाही, मनात येईल तेव्हा तिकडे विचारतो, आणि जाहिराती अधूनमधून का दिसतात ते कळत नाही.

त्याहून छुपी गळती आयपीव्ही६ ची, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीची. राउटर आयपीव्ही६ वरून कंपनीचा डीएनएस परस्पर फोनला सांगत राहतो. पाय-होलच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसतं आणि निम्मी विचारणा बाहेरून निघून गेलेली असते. राउटरमध्ये लॅनच्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, बाजूला आयपीव्ही६ चा डीएनएस बंद करा. ती सोय नसेल तर घरापुरतं आयपीव्ही६ च बंद करा.

आता नोंदींबद्दल, कारण हे यंत्र घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरं तर तेच हवं असतं: कोण काय बघतंय? पाय-होलला फक्त साइटचं नाव, वेळ आणि उपकरण दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपचं नाव दिसेल, मेसेज नाही. यूट्यूब दिसेल, व्हिडिओ कोणता ते नाही. शिवाय फोनने स्वतःहून मागे केलेली विचारणा आणि माणसाने उघडलेली साइट, दोन्ही नोंदीत सारखीच. एखाद्या बातमीच्या पानात दडलेल्या जाहिरातीचं नाव बघून पोराला फैलावर घेणारा बाप चुकीच्या पुराव्यावर बोलत असतो. आणि ज्याला लपवायचंय तो अँड्रॉइड ९ पासून असलेल्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये दुसरा सर्व्हर टाकतो, नाहीतर मोबाइल डेटा चालू करतो. झालं!

उलट नको ते मात्र दिसतं. मूळ सेटिंगमध्ये नोंदी ९१ दिवस राहतात. खासगीपणाच्या पातळ्या शून्य ते तीन. एकवर साइटची नावं झाकली जातात, पण कोणता फोन रात्री पावणेतीनला जागा होता ते दहा-दहा मिनिटांच्या आलेखात दिसतच राहतं. वरच्या मजल्यावर कोण किती वाजता झोपतं, हे घरमालकाला कळायचं काय कारण? म्हणून पातळी दोन ठेवा, त्यात उपकरणंही झाकली जातात. साठवणुकीचे दिवस ९१ वरून शून्य करा, म्हणजे डेटाबेसच बंद, आणि ‘क्वेरी लॉगिंग’ही बंद करा, नाहीतर नावं वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिली जातच राहतात. कार्डावर सतत लिहिणं थांबतं आणि कार्डही जास्त टिकतं. कोणाचं अ‍ॅप अडलं तर पातळी शून्यावर आणायची, त्यालाच समोर अ‍ॅप उघडायला सांगायचं, अडलेलं नाव सापडलं की परवानगीच्या यादीत टाकायचं आणि पातळी परत दोनवर. मागच्या झाकलेल्या नोंदी उघड होत नाहीत, म्हणून अ‍ॅप नव्याने उघडावंच लागतं.

भाडेकरूंसाठी याहून सोपा उपाय: वर वेगळा राउटर. खालच्या राउटरची केबल त्याच्या वॅन पोर्टात (इंटरनेटची केबल लावायची जागा), आणि आयपीची मालिका वेगळी, खाली १९२.१६८.१ तर वर १९२.१६८.५०. मग वरचे सगळे फोन पाय-होलला एकच उपकरण म्हणून दिसतात. त्यांना जाहिरातींपासून सुटका मिळते, कोणाचं नाव मात्र येत नाही. एक ध्यानात घ्या, वरून खालच्या पायचं पान उघडता येतं, उलट नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोरा ठेवू नका.

अडवायच्या नावांच्या याद्या जमवायचा सोस टाळा. सोबत येणारी स्टीव्हन ब्लॅकची यादी घराला पुरते. त्यावर आणखी चार चढवल्या की एखाद्या बँकेचं अ‍ॅप ओटीपीच्या पानावर गोल गोल फिरत बसतं. एकाच यादीवरही एक तक्रार हमखास येते, “काका, नेट चालेना झालंय.” नेट चालू असतं. गूगलमध्ये सगळ्यात वर येणारी जाहिरातीची लिंक तेवढी उघडत नाही.

वळवाच्या दिवसांतली एक गोची. पाय ३ ला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नाही. दोन-तीन तास लाईट गेली की परत आल्यावर वेळ मागे राहते. डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सह्या तपासायची सोय) चालू असेल तर मागच्या वेळेमुळे सह्या चुकीच्या ठरतात. वेळ दुरुस्त करायला वेळेच्या सर्व्हरचा पत्ता लागतो, आणि तोच मिळत नाही. अख्खं घर बंद! डीएनएसएसईसी बंद ठेवा, किंवा वेळेच्या सर्व्हरचं नाव न देता त्याचा आयपी द्या. राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेताना ५ व्होल्टचंही आउटपुट आहे का बघा. असलं तरी तिथून पायला अडीच अँपियर मिळतात का ते तपासा, कमी पडले तर तो मधेच रीस्टार्ट होतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून घरगुती वापर वगळलेला आहे. पण भाडेकरूंच्या नोंदी ठेवणं घरगुती म्हणायचं का, हा वाद कशाला ओढवून घ्यायचा? जिन्यात, मीटरच्या पेटीशेजारी चिठ्ठी लावलेली बरी: जाहिराती अडवल्या जातात, कोण काय बघतं याच्या नोंदी ठेवल्या जात नाहीत, अ‍ॅप अडलं तर खाली सांगा. आणि त्याखाली जाड अक्षरात, ‘गूगलची सगळ्यात वरची लिंक उघडली नाही तर तिच्या खालची दाबा.’