कान आहे, मिशी नाही

टोकियोत जुनी जॅझ रेकॉर्ड घ्यायची तर आधी थोडं शरीरशास्त्र शिकावं लागतं. रेकॉर्डला 'मिमी' आहे का, म्हणजे कान. 'हिगे' आहेत का, म्हणजे दाढीमिशा. 'मिझो' आहे का, म्हणजे चर. पहिल्यांदा एका जपानी सहकाऱ्याच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा वाटलं, माझं जपानी अजून कच्चं आहे. मग दुकानात गेलो, तर चिठ्ठीवर खरंच तसं लिहिलेलं: कान आहे, मिशी नाही.

दुकान म्हणजे ओचानोमिझूचं डिस्क युनियन 'जॅझ टोकियो'. डिस्क युनियनच्या टोकियोत बऱ्याच शाखा आहेत, ही खास जॅझची. आम्ही राहतो निशी-कासाईला, जिथे इडली, ढोकळा आणि मराठी सगळंच मिळतं. तिथून तोझाई लाइनने ओतेमाची आणि पुढे मारुनोउची लाइनने दोन स्टेशनं. वर आलं की गिटारींच्या दुकानांची रांग, मेइजी विद्यापीठाची पोरं, आणि उतारावरून खाली गेलं की जिंबोचोची जुनी पुस्तकं. बायको पुस्तकांकडे उतरते, मी रेकॉर्डींकडे वळतो. दोन तासांनी भेटायचं ठरतं. दोन तास कधी पुरलेले नाहीत.

तर त्या चिठ्ठीबद्दल लिहायचंय, कारण माझ्या मते या दुकानात पैसे द्यावेत ते तिच्यासाठी. प्रत्येक जुन्या रेकॉर्डीच्या प्लास्टिकवर ती असते. किमतीच्या शेजारी प्रत, कव्हराची वेगळी आणि तबकडीची वेगळी: ए, बी, सी, मध्ये उणे-अधिक. खाली बारीक जपानी अक्षरात काय काय बिघडलंय ते. कव्हर कुठे फाटलंय, आधीच्या मालकाने नाव कुठे लिहिलंय, कुठल्या बाजूच्या कितव्या गाण्याला 'पुची' असा आवाज येतो. वाचता येत नसेल तर फोनचा कॅमेरा वर धरा, भाषांतर विनोदी होतं पण काम भागतं.

याचं मला इतकं अप्रूप का, ते सांगतो. कॉलेजात असताना मुंबईत एका जुन्या बाजारात डेव्ह ब्रुबेक या अमेरिकन जॅझ पियानोवादकाची एक एलपी घेतली होती. विकणारा म्हणाला, "एकदम कडक पीस आहे साहेब, बघायचं कामच नाही." मीही शहाणा, बघितलंच नाही. घरी येऊन काढली तर आत ख्रिसमसची गाणी. ऑगस्ट महिना. वर कव्हराला त्या पावसाळ्याची आणि आधीच्या दहाएक पावसाळ्यांची बुरशी. ब्रुबेक १९५८ साली मुंबईत येऊन वाजवून गेला होता, ही माहिती त्या दिवशी काही कामाची नव्हती. तेव्हापासून वस्तूचा दोष विकणाऱ्यानेच आपण होऊन लिहून दिलेला पाहिला की मला भरून येतं.

आता कानाचं. ब्लू नोट या अमेरिकन जॅझ रेकॉर्ड कंपनीच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्यात दाबल्या जायच्या. गाणी संपतात आणि लेबल सुरू होतं, त्यामधल्या गुळगुळीत पट्टीत या कारखान्याचा वळणदार 'पी' कोरलेला असतो. सरळ धरून बघितलं तर दिसत नाही. दिव्याखाली रेकॉर्ड जराशी तिरपी केली की काळ्या चकाकीतून एकदम वर येतो, आणि खरोखर लहान मुलाच्या कानासारखा दिसतो. ब्लू नोट लिबर्टी कंपनीने घेतली आणि १९६६च्या सुमारास हे काम थांबलं. म्हणून कान असलेली प्रत आधीची, नसलेली साधारणपणे नंतरची. एवढ्याशा कानाने किंमत कुठल्या कुठे जाते. चर म्हणजे जुन्या साच्यामुळे लेबलवर उमटलेलं खोलगट कडं, ज्यावर बोट फिरवलं तर लागतं. आणि मिशी? रेकॉर्ड चढवताना मधलं भोक चटकन सापडलं नाही की प्लेअरची खुंटी लेबलवर घासते, बारीक पांढुरक्या रेघा उठतात. त्या मिशा. मिशी नाही म्हणजे आधीचा मालक सावकाश माणूस होता.

मी ज्या रेकॉर्डीसाठी गेलो ती सॉनी क्लार्कची 'कूल स्ट्रटिन'. ब्लू नोट १५८८, ध्वनिमुद्रण ५ जानेवारी १९५८, न्यू जर्सीतल्या हॅकनसॅक गावी रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडलांच्या दिवाणखान्यात. हा व्हॅन गेल्डर दिवसा लोकांच्या चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात जगातलं उत्तमोत्तम जॅझ मुद्रित करायचा. पियानोवर क्लार्क, ट्रम्पेट आर्ट फार्मर, सॅक्सोफोन जॅकी मॅक्लीन, बास पॉल चेंबर्स, ड्रम्स फिली जो जोन्स. क्लार्क १९६३ साली, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी गेला. अमेरिकेत या रेकॉर्डीला तेव्हा फार कोणी विचारलं नाही. जपान्यांनी मात्र तिला डोक्यावर घेतलं. त्यामागे इथली 'जॅझ किस्सा' ही कॉफीची दुकानं आहेत. पन्नास-साठच्या दशकांत परदेशी एलपी पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेर होती, म्हणून लोक एका कप कॉफीच्या पैशात तिथे बसून, गप्प राहून, रेकॉर्डी ऐकायचे. एकेक रेकॉर्ड शेकडो माणसांनी ऐकायची म्हटल्यावर ती कशी धरायची, कशी पुसायची याचे संस्कार आपोआप झाले असणार.

'कूल स्ट्रटिन'ची मूळ अमेरिकन प्रत, कानासकट, काही लाख येनांना जाते. तेवढ्यात गावाकडे विहीर निघेल. तिच्याकडे बघावं, नमस्कार करावा आणि जपानी प्रतींकडे वळावं. १९७७पासून काही वर्षं ब्लू नोटच्या रेकॉर्डी जपानात किंग रेकॉर्ड्स काढत असे. माझी प्रत त्यातली, २,८०० येनला मिळाली. डाव्या कडेला 'ओबी'सकट, म्हणजे किमोनोच्या कमरपट्ट्यासारखी कागदाची पट्टी. आमच्याकडे असली पट्टी पहिल्याच दिवशी फाडून केराच्या टोपलीत गेली असती. इथे ती चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकलीय आणि नसली तर किंमत पडते. चिठ्ठीवर लिहिलं होतं: कव्हर बी, तबकडी ए उणे, दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्याला सुरुवातीला काही वेळा 'पुची'.

घरी आल्यावर मी आधी तेच ऐकलं. दुसरी बाजू, पहिलं गाणं 'सिपिन ॲट बेल्स'. टक्. टक्. मग थोडं थांबून टक्. एकूण सहा वेळा, मग साफ. ए उणेमधला उणे तेवढाच.

आवाजाबद्दल म्हणाल तर किंगची प्रत सभ्य आहे. पार्श्वभूमी इतकी शांत की सुई टेकल्यावर ॲम्प्लिफायर चालू आहे ना ते बघावं लागतं. फार्मरचा ट्रम्पेट गोल आणि जवळचा. पण मॅक्लीनच्या सॅक्सोफोनला जी आंबट धार आहे, थोडी सुराच्या वर चढणारी, ती या प्रतीत जराशी घासून गुळगुळीत झाल्यासारखी वाटते. एका जॅझ किस्सामध्ये जुनी अमेरिकन प्रत ऐकली होती, तिच्यात खरखर होती पण मॅक्लीन अंगावर आला होता. पियानो दोन्हींत थोडा पेटीत बंद केल्यासारखा, ती व्हॅन गेल्डरचीच सही. मला विचाराल तर रोज ऐकायला किंगचीच बरी. हल्ली निघणाऱ्या नव्या, जाडजूड, महागड्या आवृत्त्याही चांगल्या असतात, पण त्यांच्यावर चिठ्ठी नसते.

गेल्या वर्षी आई साताऱ्याहून आली होती. तिला जॅझ म्हणजे चितळकरांच्या गाण्यांत गोव्याचा चिक चॉकलेट नावाचा वादक ट्रम्पेट वाजवायचा तेवढंच ठाऊक, आणि खरं तर मलाही तोच दरवाजा होता. तिने कव्हर हातात घेतलं. त्यावर फुटपाथवरून चालणाऱ्या बाईचे फक्त पाय आहेत, उंच टाचांचे बूट घातलेले.

"अरे, बाकीची बाई कुठाय?" आई म्हणाली.

मी म्हटलं, "ऐक आधी." पहिलं गाणं नऊ मिनिटांचं आहे. भिंती पातळ, म्हणून आवाज अगदी बारीक ठेवलेला. निवडत घेतलेली मेथी तशीच हातात धरून ती थांबली आणि म्हणाली, "मागं कोण चालतंय रे सारखं?"

तो पॉल चेंबर्स. बासच्या त्या वाजवण्याला इंग्रजीतही चालणंच म्हणतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

जाणार असाल तर दोन गोष्टी. शनिवारी दुपारी जाऊ नका, सकाळी उघडताना जा. आणि दरवेळी एकाच कलाकाराचा कप्पा बघायचा असं ठरवून जा, नाहीतर 'ए' अक्षर संपायच्या आत दुकान बंद व्हायची वेळ होते. मी सध्या 'सी'मध्ये अडकलोय आणि कोल्ट्रेन यायचा आहे.

माझ्या प्रतीची चिठ्ठी मी फेकली नाही, कव्हराच्या आत ठेवलीय. कधी विकायची वेळ आली तर मात्र नवी लिहावी लागेल. परवा रात्री दिवा न लावता रेकॉर्ड चढवायला गेलो, भोक सापडेना, आणि सकाळी बघतो तर पहिल्या बाजूच्या लेबलवर चांगली ठसठशीत मिशी.